औषधाची कसोटी

विद्यापीठाशी संलग्न असलेल्या मोठ्या रुग्णालयात, बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी, पुष्कळदा एक साधा कागद लावलेला आढळतो. अमुक रोगावरील नव्या औषधाची चाचणी लवकरच सुरू होणार आहे, सहभागी होऊ इच्छिणाऱ्यांनी चौकशी करावी, अशा आशयाचा मजकूर त्यावर असतो. केसपेपर हातात धरून रांगेत उभे असलेले लोक तो वाचतात. कोणी मान हलवून पुढे सरकतो, कोणी शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणतो, "माणसांवर प्रयोग करतात म्हणे!" त्या उद्गारात भीती असते, आणि ती सर्वस्वी अनाठायी असते असेही म्हणता येत नाही. तथापि त्याच रांगेतील प्रत्येकाच्या हाती थोड्या वेळाने जी गोळी पडणार असते, ती गोळीही कोणे एके काळी अशाच कसोटीतून उतरलेली असते. कोणीतरी अनोळखी माणसाने ती पहिल्यांदा घेतली, म्हणून ती आज निर्धास्तपणे घेता येते.

औषध गुणकारी आहे की नाही, हे ठरवण्यासाठी एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न सहज मनात येतो. रोग्याला औषध द्यावे आणि तो बरा झाला की नाही ते पाहावे. इतके पुरेसे नाही काय? वस्तुतः ते पुरेसे नाही. पडसे झालेल्या माणसाने काढा घेतला तरी तो आठवडाभरात बरा होतो आणि न घेतला तरी होतो. घेणारा मात्र सारे श्रेय काढ्याला देतो. पुष्कळ आजार आपल्या गतीने वाढतात व ओसरतात. वैद्याने दिलेल्या नुसत्या धीरानेही रोग्याला बरे वाटू लागते. आणि ज्या वैद्याने औषध शोधून काढले, त्याचे डोळे यशच तेवढे टिपतात. म्हणून औषध घेणाऱ्यांच्या शेजारी ते न घेणारे, पण इतर सर्व बाबतींत त्यांच्यासारखेच असलेले रोगी ठेवून दोहोंची तुलना करणे, हाच खरा मार्ग होय.

हा मार्ग १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील वैद्याने चोखाळला. त्या काळी लांबच्या समुद्रप्रवासात स्कर्व्ही नावाचा रोग खलाशांचे बळी घेत असे. हिरड्या सुजत, दात हलत, अंगावर काळेनिळे डाग उमटत आणि धडधाकट माणूस उठून उभा राहू शकत नसे. उपाय अनेक सांगितले जात; कोणता खरा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. लिंडने 'सॅलिसबरी' या जहाजावरील बारा रोगी निवडले. सर्वांची अवस्था शक्यतो सारखी, सर्वांना जागा एक आणि अन्नही एकच. मग दोघादोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला त्याने वेगळा उपाय दिला. कोणाला सफरचंदाची आंबवलेली वारुणी, कोणाला सौम्य केलेले गंधकाम्ल, कोणाला सिरका, कोणाला समुद्राचे पाणी, तर कोणाला लसूण व इतर द्रव्ये घालून केलेला लेह. सहाव्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळे. सहा दिवसांत फळे संपली. पण तेवढ्या अवधीत त्या दोघांपैकी एक कामावर रुजू होण्याइतका बरा झाला आणि दुसरा उरलेल्या रोग्यांची शुश्रूषा करू लागला! एवढा धडधडीत पुरावा समोर असूनही ब्रिटिश नौदलाने खलाशांना लिंबाचा रस नियमाने देण्यास आरंभ केला तो १७९५ साली. मधल्या काळात किती खलाशी हकनाक गेले असतील, याची गणती कोण करणार?

मुंबईनेही अशी एक कसोटी पाहिली आहे. १८९६ साली शहरात ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची साथ भडकली. वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका अपुऱ्या जागेत प्लेगवरील लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वांत आधी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. पाठोपाठ भायखळ्याच्या तुरुंगात प्लेगने प्रवेश केला, तेव्हा तेथील कैद्यांपैकी जे पुढे आले त्यांना लस टोचण्यात आली व इतरांना ती दिली गेली नाही. लस न घेतलेल्यांत रोग व मृत्यू अधिक झाले, घेतलेल्यांत कमी. लशीचा गुण दिसला. मात्र आजच्या दृष्टीने पाहता दोन शंका उरतात. आपण होऊन पुढे आलेले कैदी आणि मागे राहिलेले कैदी हे प्रकृतीने सारखेच होते काय? आणि गजांआड असलेल्या माणसाचा होकार हा खरोखर मोकळ्या मनाचा होकार मानता येईल काय? पहिली शंका शास्त्राची आहे, दुसरी न्यायाची. पुढील शतकातील सारी खटपट या दोन शंकांचे निरसन करण्यासाठीच झाली, असे म्हटले तरी चालेल.

पहिल्या शंकेचे उत्तर मोठे चमत्कारिक निघाले. ते उत्तर म्हणजे चिठ्ठी! कोणत्या रोग्याला नवे औषध द्यावे हे डॉक्टरने ठरवले, तर तो नकळत बऱ्या प्रकृतीचे रोगी नव्या औषधाकडे वळवतो. किंवा दयेपोटी अगदी खंगलेल्यांना ते देऊ पाहतो. रोग्याने ठरवले, तर धीट एका बाजूला जातात आणि भित्रे दुसऱ्या. म्हणून ही निवड कोणीच करू नये, ती दैवावर सोडावी. पुरेशा लोकांच्या बाबतीत चिठ्ठ्या टाकल्या की तरुण व वृद्ध, सशक्त व अशक्त, सधन व निर्धन असे सर्व प्रकारचे लोक दोन्ही गटांत आपोआप जवळजवळ सारखेच विभागले जातात. मग दोन गटांच्या परिणामांत जो ठळक फरक दिसेल, तो औषधाचाच असे मानण्यास जागा होते.

ब्रिटनमध्ये १९४७ साली क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची चाचणी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाच्या योजनेनुसार सुरू झाली, तिच्यात अशा चिठ्ठ्या मोहोरबंद लिफाफ्यांत ठेवलेल्या होत्या. औषध इतके दुर्मिळ होते की ते सर्वांना पुरणे शक्यच नव्हते. १०७ रोग्यांपैकी ५५ जणांना औषध व विश्रांती मिळाली आणि ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ जण दगावले, दुसऱ्या गटात १४. हा वृत्तांत १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यातूनच आणखी एक गोष्ट उघडकीस आली. काही महिन्यांत क्षयाचे जंतू या औषधाला दाद देईनासे होतात, आणि सुरुवातीला सुधारलेले कित्येक रोगी पुन्हा ढासळतात. एकच औषध न देता दोन औषधे एकदम द्यावीत, ही कल्पना या अनुभवानंतर पक्की होत गेली. येथे एक उणीवही नमूद केली पाहिजे. केवळ विश्रांती घेणाऱ्या रोग्यांना आपण एका चाचणीत आहोत, हे सांगण्यात आले नव्हते. त्या काळी ते कोणाला फारसे खटकले नाही.

भारताच्या दृष्टीने सर्वांत मोलाची चाचणी १९५६ साली मद्रास येथे सुरू झाली. तेव्हा देशात क्षयरोगी लाखांनी मोजावे लागत आणि रुग्णालयांतील खाटा मात्र काही हजारच होत्या. क्षय झाला की रोग्याने घरदार सोडून आरोग्यधामात जावे, मोकळ्या हवेत दिवसच्या दिवस पडून राहावे आणि दूध, अंडी, मांस असा पौष्टिक आहार घ्यावा, अशी तेव्हाची सर्वमान्य समजूत होती. महाराष्ट्रात मिरज व पाचगणी ही गावे अशा आरोग्यधामांमुळे प्रसिद्ध पावली होती. पण ज्याच्या मजुरीवर घर चालते, त्याने वर्षभर कोठे पडून राहावे? आणि जेथे खाटच नाही, तेथे जाणार कोण? गोळ्या देऊन रोग्याला घरीच ठेवले तर तो बरा होईल काय, हा प्रश्न म्हणूनच जिव्हाळ्याचा होता. त्याबरोबर एक भयही होते. घरच्या लहानग्यांना त्याच्यापासून लागण झाली तर?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून हे काम हाती घेतले. मद्रासच्या गरीब, दाटीवाटीच्या वस्त्यांतील १९३ रोग्यांची निवड झाली आणि चिठ्ठ्यांच्या आधारे त्यांची विभागणी करण्यात आली. काहींना वर्षभर आरोग्यधामात ठेवले. उरलेले आपल्या घरी राहिले. औषधे दोन्हीकडे एकच होती, आयसोनायाझिड आणि पास. आरोग्यधामातील रोग्यांना स्वच्छ खाट, परिचारिकांची देखरेख व भरपूर सकस अन्न मिळे. घरच्या रोग्यांना तेच दाट वस्तीतले घर होते, आहार तुटपुंजा होता आणि त्यांतील पुष्कळांना कामही चुकले नव्हते. ते औषधे घरी नेत आणि आपल्या हातांनी घेत. ती ते खरोखर घेतात की नाही, हे पाहण्यासाठी कार्यकर्ते न कळवता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवी तपासत. माणसाचा स्वभाव ओळखूनच ही योजना केलेली होती. कारण खोकला थांबला, अंगात थोडी ताकद आली की गोळ्या घेण्याचा कंटाळा कोणालाही येतोच.

वर्षाअखेरीस जेव्हा थुंकीची तपासणी झाली, तेव्हा आरोग्यधामातील ९२ टक्के आणि घरी राहिलेल्यांपैकी ८६ टक्के रोग्यांचा रोग आटोक्यात आल्याचे आढळले. निकृष्ट अन्न, दाटीची वस्ती, विश्रांतीचा अभाव हे सारे प्रतिकूल असूनही औषधांनी आपले काम चोख केले होते! पुढील पाच वर्षे त्या कुटुंबांवर लक्ष ठेवण्यात आले. घरी उपचार घेणाऱ्यांच्या मुलामाणसांना क्षयाची लागण अधिक झाली, असेही दिसले नाही. कारण तिचा मोठा धोका औषध सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी जगभरातील क्षयचिकित्सेची दिशा पालटली. आरोग्यधामांचे महत्त्व हळूहळू ओसरले आणि क्षयरोगी आपल्या माणसांत राहून बरा होऊ लागला. गावातील आरोग्यकेंद्रातून आज क्षयाच्या गोळ्या घरी नेणाऱ्या मनुष्याला त्या १९३ मद्रासवासीयांची नावे ठाऊक नसतात. ती कोठे छापलेलीही नाहीत.

विद्यापीठे अशा कामात पुढे का असतात, हे अलीकडच्या एका उदाहरणावरून ध्यानात येईल. २०२० साली कोविडची साथ जगभर पसरली, तेव्हा कोणते औषध द्यावे याविषयी सर्वत्र गोंधळ होता. जो तो आपल्या समजुतीप्रमाणे औषधे देत होता आणि प्रत्येकाला आपलेच औषध गुणकारी वाटत होते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी मार्च महिन्यात 'रिकव्हरी' या नावाची चाचणी सुरू केली. इंग्लंड-स्कॉटलंडमधील साध्यासुध्या रुग्णालयांतील डॉक्टरांनाही सहज पार पाडता यावी, इतकी तिची पद्धत सुटसुटीत होती. रोग्याची संमती घ्यायची, संगणकाने चिठ्ठी काढायची आणि अठ्ठावीस दिवसांनी तो हयात आहे की नाही याची नोंद करायची. तीन महिन्यांत दोन गोष्टी निश्चित झाल्या. ज्या हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचा जगभर डांगोरा पिटला गेला होता, त्याचा रुग्णालयातील रोग्यांना काहीच उपयोग होत नव्हता. उलट डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त, कोणाच्या खिजगणतीतही नसलेले औषध कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रोग्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करीत होते. ज्यांना प्राणवायूची गरजच भासली नव्हती, अशांना मात्र त्याने लाभ झाला नाही. 'हे औषध चांगले' एवढे म्हणून भागत नाही. कोणासाठी चांगले, हेही ठरवावे लागते. औषधनिर्मात्या कंपनीला जुन्या व स्वस्त औषधाच्या चाचणीत फारसा नफा नसतो. म्हणून असले प्रश्न पुष्कळदा विद्यापीठांनाच हाती घ्यावे लागतात.

अगदी नवीन औषध असेल तर त्याचा मार्ग याहून लांबचा असतो. प्रयोगशाळा व प्राणी यांवरील परीक्षा झाल्यावर प्रथम काही थोड्या, बहुधा निरोगी, माणसांना ते अल्प मात्रेत दिले जाते. येथे गुणाचा विचार नसतो. ते शरीराला सोसते की नाही, एवढेच पाहायचे असते. दुसऱ्या पायरीवर त्या रोगाच्या शेकडाभर रोग्यांत योग्य मात्रा शोधली जाते. तिसरी पायरी मोठी असते. तिच्यात शेकडो, कधी हजारो लोक सहभागी होतात आणि चिठ्ठीने पाडलेल्या गटांची तुलना होते. बाजारात आल्यावरही औषधावरील नजर हटवत नाहीत. कारण दहा हजारांत एखाद्यालाच होणारा अपाय हजार लोकांच्या चाचणीत दिसेलच असे नाही. तुलनेच्या गटाला पूर्वीचे प्रचलित औषध देतात. आणि रोगावर कोणतेच औषध नसेल, तर रंगरूपाने अगदी तशीच पण औषधगुण नसलेली गोळी देतात. कोणाला काय मिळाले, हे रोग्यालाही ठाऊक नसते आणि बहुधा त्याच्या डॉक्टरालाही नसते. मनाचा कल परिणामात मिसळू नये, यासाठी ही लपवाछपवी केलेली असते. मात्र एक स्वतंत्र समिती मधूनमधून आकडे पाहत असते. अपाय दिसला, किंवा एक गट उघडपणे सरस ठरला, तर ती चाचणी थांबवण्याचा सल्ला देऊ शकते.

आता दुसऱ्या शंकेचा विचार. अमेरिकेतील टस्कीगी या गावी १९३२ साली सरकारी आरोग्यसेवेने सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांची पाहणी आरंभली. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश झालेला होता. त्यांना रोगाचे खरे नाव सांगितले नाही. तुमचे रक्त बिघडले आहे, एवढेच सांगितले. पुढे पेनिसिलीन हे रामबाण औषध मिळू लागले, तरी ते त्यांना दिले नाही. रोग पुढे कसा वाढत जातो, हे पाहण्याची हौस होती! १९७२ साली वृत्तपत्रांनी हा प्रकार चव्हाट्यावर आणला, तेव्हाच तो थांबला. दरम्यान महायुद्धातील नाझी डॉक्टरांची अमानुष कृत्ये उघड झाल्यावर १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे, व नंतर १९६४ साली हेलसिंकी येथे, माणसांवरील संशोधनाचे नियम मांडण्यात आलेच होते. नियम लिहिलेले असूनही टस्कीगीचे दार आणखी कित्येक वर्षे बंदच राहिले, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही.

भारतात २०१९ साली लागू झालेल्या नियमांप्रमाणे औषधाची कोणतीही चाचणी नीतिसमितीच्या मान्यतेवाचून सुरू करता येत नाही. या समितीत निदान सात सभासद असावे लागतात, आणि त्यांत एक स्त्री, एक कायदेपंडित व वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य नागरिक असतो. सामान्य नागरिकाची योजना मोठी मार्मिक आहे. विद्वानांना जे सोपे वाटते ते खरोखर सोपे आहे की नाही, हे सांगणारा कोणीतरी हवाच. याशिवाय २००९ सालापासून, पहिला रोगी दाखल होण्यापूर्वीच, प्रत्येक चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत करावी लागते. ही नोंदवही संगणकावर कोणालाही पाहता येते. यामुळे चाचणीतून प्रतिकूल निष्कर्ष निघाला तर ती झालीच नव्हती, अशी बतावणी करणे कठीण होते.

रुग्णालयाच्या दारावरील तो कागद वाचून जो आत जातो, त्याला एक माहितीपत्रक मिळते. ते त्याला समजेल अशा भाषेत असावे लागते. चाचणी कशासाठी, किती काळ, रक्त किती वेळा काढणार, कोणता अपाय संभवतो, सहभागी न झाल्यास दुसरा कोणता उपचार मिळेल, हे सारे त्यात लिहिलेले असते. वाचता न येणाऱ्यास ते वाचून दाखवतात, आणि त्या वेळी चाचणीशी संबंध नसलेला एक साक्षीदार हजर असावा लागतो. चाचणीमुळे दुखापत झाल्यास उपचार विनामूल्य मिळतो व नियमानुसार भरपाईही मिळते. मूल सात वर्षांहून मोठे असेल, तर आईवडिलांच्या संमतीबरोबर त्या मुलालाही विचारावे लागते. आणि ते 'नको' म्हणाले तर त्याच्या नकाराला मान द्यावा लागतो.

डॉक्टर घाई करीत नाही. कागद घरी न्यावा, घरच्यांना दाखवावा, शंका विचाराव्यात, असे तो सुचवतो. रोगी विचारतो, "नवे औषध मलाच मिळेल ना?" डॉक्टर सांगतो, "ते माझ्या हाती नाही. चिठ्ठी निघेल तसे होईल." "पण दोहोंपैकी बरे कोणते?" या प्रश्नावर प्रामाणिक डॉक्टरजवळ एकच उत्तर असते. ते ठाऊक असते, तर चाचणीच करावी लागली नसती. रोगी थोडा वेळ कागद चाळत बसतो. पत्रकाच्या शेवटी लिहिलेले असते की, सहभागी व्यक्तीला कोणत्याही दिवशी, कोणतेही कारण न देता, चाचणीतून बाहेर पडता येईल आणि त्यामुळे तिच्या नेहमीच्या उपचारात काहीही उणे पडणार नाही. त्या ओळीखाली सहीसाठी जागा सोडलेली असते.